शेटजी कधी येतात

"तुझा हा शेटजी नेहमी चुकीच्या वेळी घरी येतो बघ," आवाजकाकू म्हणाल्या होत्या.

त्याला आता तीन वर्षं झाली. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून घाम पुसत त्या बाहेर आल्या होत्या, एका हातात कोमट पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात तिनं 'हुकूमराणी' या कार्टूनसाठी लिहिलेले संवाद. बासष्टाव्या वर्षी सहा वर्षांच्या पोरीचा आवाज काढायचा म्हणजे घसा कापसासारखा पिंजला जातो, असं त्या म्हणायच्या. तरी पिंजलेल्या घशानं बोलायच्याच.

"हुकूमराणीनं काही फोडलं, कुणाला छळलं, की शेटजी हजर. पोर गुणानं चित्र काढत बसली आहे, तेव्हा बापाचा पत्ता नाही. मुलं हे फार पटकन टिपतात गं."

"काकू, कार्टून आहे ते," तिनं हसून म्हटलं होतं. "शेटजी वेळेवर आला तर गोष्ट चौथ्या मिनिटाला संपेल. उरलेली सात मिनिटं काय दाखवू, पोरगी गाढ झोपलेली?"

काकूही हसल्या होत्या. मग पेला ठेवता ठेवता इतकंच म्हणाल्या, "तुझी टिकली तुझ्या टेबलाखालीच खेळते ना?"

ते वाक्य तिनं कानाआड केलं. टिकली तेव्हा अडीच वर्षांची होती, आणि बाराव्या भागाचा शेवट काही केल्या जुळत नव्हता.

आज शंभरावा भाग होता. रविवार असूनही खालचा स्टुडिओ भरला होता. वर घर आणि खाली स्टुडिओ, ही तिच्या सासऱ्यांची, आबांची रचना. जिना उतरलं की माणूस कामावर आणि जिना चढलं की घरी. पण गेल्या काही वर्षांत घरच खाली उतरलं होतं. जेवणं खाली, भांडणं खाली, टिकलीचा अभ्यास आणि दुपारची झोपसुद्धा खालीच. टिकलीला सांभाळणाऱ्या मावशी सकाळी आठला यायच्या त्याही थेट खालीच, हातात आपला जेवणाचा डबा आणि टिकलीसाठी खिशात एखादं रंगीत बटण, नाहीतर दोऱ्याचं रीळ.

भाग पडद्यावर बघायच्या खोलीत पहिल्या रांगेत आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. हुकूमराणी ही त्यांच्या हातची. आता हात थरथरतो, म्हणून नवी चित्रं इतर लोक काढतात, पण पोरीच्या नाकाचा शेंडा अजूनही आबांना विचारूनच ठरतो. त्यांच्या शेजारी वन्सं. नवऱ्याची ही थोरली बहीण टीव्हीच्या वाहिन्यांशी बोलणी करायची, आणि घरात कुणाशीही बोलली तरी बोलणीच चालल्यासारखं वाटायचं. मागे दहा-बारा चित्रकार. नवऱ्याची खुर्ची तेवढी रिकामी. तो खेळण्यांच्या कारखान्यात होता. हुकूमराणीच्या बाहुल्या, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या तिथून निघायच्या. सकाळपासून तिसऱ्यांदा त्याचा निरोप आला होता, वीस मिनिटांत पोचतो.

"वीस मिनिटं म्हणजे त्याच्या घड्याळातली," वन्सं म्हणाली. "सुरू करून टाकूया?"

"येईल तो," ती म्हणाली. तिला स्वतःलाच कळलं की आपण हे दिवसातून किती वेळा म्हणतो.

आवाजकाकू अजून आल्या नव्हत्या. मघाशी एकच्या सुमाराला ती पाणी आणायला गेली, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेरचा लाल दिवा लागलेला दिसला होता. लाल दिवा लागला की घरातल्या मांजरानंसुद्धा पंजे आवळून चालायचं, हा आबांचा जुना नियम. काकू शेवटची ओळ पुन्हा घेत असतील म्हणून तिनं चपला हातात घेतल्या होत्या आणि चवड्यांवर तिथून पुढे गेली होती.

वाट बघता बघता बोलणं नेहमीच्याच वळणावर आलं. एका शाळेच्या बाईंचं पत्र आलं होतं. वर्गातली मुलं एकमेकांना हुकूम सोडतात, नाही म्हटलं की वस्तू आपटतात आणि विचारलं तर सांगतात, आता माझे बाबा येतील.

"पत्र म्हणजे लोक बघताहेत," वन्सं म्हणाली. "मला याची काळजी नाही. पत्रं बंद झाली की काळजी करीन."

"बाई चुकीचं लिहीत नाहीत," आबा म्हणाले.

"आबा, पोरगी लाडावलेली आहे म्हणून तर ती हुकूमराणी. गुणी पोरीचं कोण बघतं?"

"पोरगी मी काढली. लाडावली तुम्ही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एका नव्या चित्रकारानं धीर करून विचारलं, "आबा, शेटजीचा चेहरा कधीच दिसत नाही. नुसते बूट, पँट आणि फोनचा हात. मुलाच्या उंचीवरून बाप तेवढाच दिसतो म्हणून ना? फार खोल आहे ते."

"कसलं खोल," आबा म्हणाले. "तोंड काढलं की ओठ हलवावे लागतात. तेव्हा आम्ही तिघंच होतो. बूट हलवायला सोपे."

सगळे हसले, तीही हसली. पण शेटजीच्या तोंडी जी वाक्यं होती ती तिची होती. म्हणजे तिनं लिहिलेली. 'बोल राणी, काय आणू?' हे पहिल्याच भागात लिहिलं, ते शब्द तिनं जिन्यावरून ऐकले होते, दार न उघडताच टिकलीला विचारणाऱ्या नवऱ्याच्या तोंडून. हुबेहूब उतरलं म्हणून तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता.

तेवढ्यात दार लोटून आवाजकाकू आत आल्या, छत्री कोपऱ्यात टेकवली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. "रस्ता खणून ठेवलाय मेल्यांनी," त्या पुटपुटल्या. तिनं त्यांच्या मांडीवर थोपटलं. काहीतरी विचारायचं होतं, काय ते आठवेना.

काकूंच्या पाठोपाठ टिकली आली. साडेपाच वर्षांची, एक वेणी सुटलेली, हातात कार्डांचा गठ्ठा.

हुकूमराणीचा प्रत्येक भाग त्या सात कार्डांवर उभा असायचा. ती तिच्या टेबलासमोरच्या फळ्यावर टाचलेली असत, आणि वाचायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी आबांनी प्रत्येकावर चित्र काढून ठेवलं होतं. पहिल्यावर राणीला काहीतरी हवं असतं. दुसऱ्यावर तिला सांभाळणारी बाई नाही म्हणते. तिसऱ्यावर राणी बाईचा बंदोबस्त करते, कधी बरणीत, कधी डबीत, कधी फुग्याला बांधून ढगात. चौथ्यावर फोन. पाचव्यावर शेटजी खोकं घेऊन दारात. सहाव्यावर बाई सुटते, उभी राहते, कपडे झटकते. आणि सातव्यावर राणी पडद्याबाहेर बघून मुलांना एक ओळ सांगते. शंभर भाग झाले, कार्डांची चित्रं तीच. टिकली त्या फळ्याखालीच नीट बोलायला शिकली होती, त्याखालीच मोठी झाली होती.

"आई, बाबांना फोन लाव," ती चौथं कार्ड पुढे करत म्हणाली.

"येताहेत ना बाबा. मावशी कुठे आहेत?"

"डबीत."

खोली खो खो हसली. वन्संनं टाळी वाजवली. "लेखिकेची लेक शोभतेस हो. संवाद तोंडपाठ."

"लाव ना. चार नंबर झालाच नाही अजून."

तिनं हसतच फोन लावला आणि पोरीच्या हातात दिला. टिकलीनं सराईतपणे बोट टेकवून आवाज मोठा केला. पलीकडे यंत्रांची घरघर होती.

"बाबा, मी मावशीला डबीत ठेवलंय. या आता."

"शाब्बास. बोल राणी, काय आणू?"

या वेळी तर हसण्यानं खुर्च्या हलल्या. एक चित्रकार डोळे पुसायला लागला. शेटजी तो शेटजी, शब्दाचा फरक नाही. तिनंही तोंडावर हात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. फक्त आबा वळून टिकलीकडे बघत होते. ती हसत नव्हती. तिनं फोन आईला परत दिला, चौथं कार्ड गठ्ठ्याच्या खाली सरकवलं आणि आईच्या मांडीवर चढून बसली, गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

दिवे मालवले. भाग सुरू झाला.

शंभराव्या भागासाठी तिनं मुद्दाम पहिल्या भागाची गंमत परत आणली होती. हुकूमराणी बाईला डबीत घालते, झाकण लावते आणि वर चढून बसते. आतून ठक-ठक, ठक-ठक.

"लाकडी पाट ठोकला मी," काकू तिच्या कानाशी कुजबुजल्या. "बोटं सुजली."

मांडीवरून टिकली पडद्याकडे बघत होती. "आपल्या डबीतून आवाज येत नाही," ती म्हणाली.

"कुठल्या डबीतून गं?"

"काकूंच्या. मी लाल दिवा पण लावलाय."

पडद्यावर राणी पाय हलवत बसली होती. काकूंचा उजेडानं निळा झालेला चेहरा तिच्या शेजारीच होता. मघाशी विचारायचं राहिलेलं तिला आता आठवलं. काकू इथे आत्ता बाहेरून आल्या. मग लाल दिवा कुणासाठी होता?

ती कशी उठली, टिकली मांडीवरून कुठे गेली, हे तिला नंतर आठवलं नाही. खुर्ची पडल्याचा आवाज तेवढा आठवला. बोळातून धावताना ती चपला हातात घेऊन तिथून गेल्याचं चित्र डोळ्यांसमोर नाचत होतं. चवड्यांवर. श्वास रोखून. आणि दाराच्या पलीकडे माणूस.

ती खोली आवाजबंद होती. भिंतींना स्पंज, दाराला रबराच्या पट्ट्या. पट्ट्या फुगल्या की दार आपोआप किलकिलं व्हायचं, म्हणून आबांनी बाहेरून कडी बसवून घेतली होती, तीही खाली, यंत्रावर बसलेल्या माणसाला खुर्चीतून हात पोचावा अशी. साडेपाच वर्षांच्या पोरीच्या बरोबर छातीशी यायची. फोन आत न्यायचे नाहीत हा आणखी एक नियम. दारापाशीच्या ताटलीत मावशींचा फोन पडलेला होता, आणि शेजारी त्यांचा डबा, झाकण घट्ट.

कडी काढली. दार पुरतं उघडेना, कारण मावशी दाराशीच होत्या. चित्रकारांनी रेटून जागा केली. मावशींचे कपडे पिळून काढावेत इतके घामानं भिजले होते, तोंड राखेसारखं. भिंतीच्या स्पंजाचे लचके जमिनीवर पडलेले, काही मुठीत. डोळे अर्धवट उघडे होते, पण त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. तोंडातून शब्दांसारखं काहीतरी येत होतं, त्याचे शब्द होत नव्हते.

"हवा कोंडली," वन्सं म्हणाली. "पाणी मारा तोंडावर. पाणी पाजा."

"थांबा," काकू रुग्णवाहिकेच्या फोनवर होत्या. "पाजू नका म्हणताहेत. कुशीवर वळवा. विचारताहेत, कसलं औषध चालू आहे?"

चार वर्षं ही बाई या घरात होती. टिकलीच्या लसींच्या तारखा, टिकलीचा रक्तगट, कुठल्या गोळीनं टिकलीला पुरळ येतं, सगळं आई म्हणून तिनं फ्रिजवर लावून ठेवलं होतं. मावशींबद्दल तिथे एक ओळही नव्हती. तिनं नवऱ्याकडे बघितलं असतं, पण नवरा नव्हता. वन्संकडे बघितलं तर वन्सं तिच्याचकडे बघत होती.

"ती जेवायच्या आधी पोटाला सुई टोचते."

टिकली दारात उभी होती, आबांच्या काठीला धरून.

"आज टोचली?" तिनं विचारलं.

"हो. सुई टोचली की लगेच जेवायचं असतं, नाहीतर चक्कर येते. तिनं मला सांगितलंय. तिच्या मुलानं शिकवलं तिला टोचायला." टिकलीनं जरा विचार केला. "डबा उघडणार होती. पण मला बाहुली पाहिजे होती आणि ती म्हणाली, जेवल्यावर. म्हणून मी म्हटलं, आत काकूंचा चष्मा राहिलाय."

"साखर," काकू फोनमध्ये आणि बाहेर एकदमच म्हणाल्या. "कुणीतरी साखर आणा. हिरड्यांना चोळा, ओतू नका."

ती जमिनीवर बसून मावशींच्या हिरड्यांना साखर चोळत राहिली. बोटाला दात लागत होते. याच माणसानं याच दातांनी टिकलीच्या गाठी सोडल्या होत्या, दोऱ्याच्या, बुटांच्या. बाहेरून रुग्णवाहिकेचा आवाज आला, तेव्हा वन्संनं तिला बाजूला ओढलं.

"ऐक. दार आपोआप लागलं. पट्ट्या फुगल्या होत्या. पोरीचं नाव घ्यायचं नाही. हुकूमराणीचं तर नाहीच."

"कडी बाहेरून होती, वन्सं."

"म्हणून म्हणते. अगं, मी तुझ्याच पोरीसाठी बोलतेय. माझं काय जातंय?"

तिच्या जिभेवर हो आलं होतं. खरंच आलं होतं. हे ती पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगू शकली नाही.

"कडी मी बसवली," आबा मागून म्हणाले. "पोरीनं लावली. डबीची गंमत सूनबाईनं लिहिली. तू विकलीस. डॉक्टरांना सगळं सांगायचं, आणि बाईच्या मुलाला आधी. त्याला फोन कोण करतंय?"

ताटलीतला मावशींचा फोन उचलून वन्संनंच मुलाचा नंबर शोधायला सुरुवात केली, आणि बोट दोनदा चुकलं.

रुग्णालयाच्या बोळात प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या; एक जण हलला की सगळे हलायचे. मावशींना सलाइन लावलं होतं. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि सरळ म्हणाली, "साखर फार खाली गेली होती, आणि बराच वेळ. आता वर आणलीय. शुद्धीवर कितपत येतात, ते बघू. आत्ताच काही सांगत नाही."

टिकली तिच्या शेजारी पाय लोंबकळत बसली होती. तिला अजून कुणी रागावलं नव्हतं. काय म्हणून रागवायचं, ते शब्द कुणाला सापडत नव्हते. तिच्या मांडीवर कार्डांचा गठ्ठा होता, वरचं कार्ड पाचवं.

बोळाच्या टोकाला पॉलिश केलेले बूट वाजले. तिनं मान वर केली नाही, टिकलीनंही नाही. बूट जवळ आले, पँटची इस्त्री दिसली, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात रंगीत कागदाचं खोकं. गाडीच्या डिकीत अशी पाच-सहा खोकी तो ठेवूनच असे. निरोप मिळाल्यावर तो घाबरून धावत सुटला असणार, आणि धावता धावताही हात सवयीनं डिकीकडे गेला असणार.

टिकलीचा चेहरा उजळला. खोक्यासाठी नव्हे, खोक्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तिनं पाचवं कार्ड उचलून आईला दाखवलं.

"बघ आई. आले."

पोर लबाडीनं बोलत नव्हती. सायकल चालवता आली की मूल सांगतं, तसं सांगत होती.

"काय झालं? मावशी कशा आहेत?" तो विचारत होता. "टिकली, तू ठीक आहेस ना राणी?"

"ते खोकं खाली ठेव," ती म्हणाली.

"हो, अगं, पण मला कुणी नीट सांगेल का..."

"आधी ते खाली ठेव. मग खाली बस. तिच्यासमोर. जमिनीवर."

तो बसला. इस्त्रीची पँट, दवाखान्याची फरशी. टिकली त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, नवीन माणसाकडे बघावं तशी. त्याच्या खिशात फोन वाजला. हात खिशाकडे गेला, बायकोचे डोळे दिसले, हात तिथेच थांबला. फोन वाजून वाजून बंद झाला.

टिकलीनं पाचवं कार्ड खाली सरकवलं. आता वर सहावं होतं. बाई उठते, कपडे झटकते. ती खुर्चीवरून उतरली आणि काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दोन मिनिटं गेली, पाच गेली.

"बाबा तर आले," ती वळून म्हणाली. "मग उठत का नाही ती?"

आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि तोंड फिरवलं. तिनं पोरीला जवळ घेतलं. "ती खरी आहे ना, म्हणून," एवढंच तिला सांगता आलं. टिकलीचा चेहरा हळूहळू, कोपऱ्याकोपऱ्यानं बदलत गेला, आणि मग ती जी रडली, तसं रडणं तिच्या आईनं शंभर भागांत कधी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला डॉक्टरीणबाई पुन्हा आली. डोळे उघडलेत, म्हणाली. मुलाचा हात धरून ठेवलाय, पण अजून कुणाला नावानं ओळखत नाहीत. उद्या सकाळपर्यंत थांबू. मावशींचा मुलगा आत होता; काचेतून त्याची पाठ दिसत होती. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं तिला एकच प्रश्न विचारला होता. दीड तास तुमच्यापैकी कुणालाच काही वाटलं नाही?

ती खुर्चीत बसली. सातवं कार्ड हातात होतं. शंभराव्या भागाची शेवटची ओळ तिनं कालच लिहून दिली होती, काहीतरी गमतीची. आता तिनं कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. हुकूमराणीच्या तोंडी शोभेल असं काही सुचेना. मग जो कुणी वाचेल त्याच्यासाठीच ती लिहीत गेली.

हे वाचणं इथेच थांबवा. तुमचं मूल ठीक असेल. त्याची चौकशी सगळेच करतात. ज्या माणसाच्या हवाली ते करून तुम्ही निवांत बसलात, त्याला जाऊन हाक मारा. दार लागलेलं असेल तर उघडा, बाहेर कसलाही दिवा लागलेला असो. जेवण झालं का, ते विचारा. आणि उत्तर ऐकू आल्याशिवाय परत फिरू नका.